एका टाचेचा एफ

ती बाटली आजही डोळ्यांपुढून हटत नाही. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात फौजदार होतो. शिरोळकडची एक बाई तापाच्या औषधाची रिकामी बाटली पदरात गुंडाळून ठाण्यात आली. तिचं तान्हं मूल आदल्या दिवशी गेलं होतं. "सायेब, ह्या औषधानंच माझं लेकरू खाल्लं की," एवढंच म्हणाली. फिर्याद लिहिली, अंगठा घेतला. त्याच आठवड्यात आणखी दोन मुलं दगावली.

बाटलीत औषध नव्हतंच, विषारी पाणी होतं. अशा बाटल्या अजून किती घरांत होत्या, देव जाणे! ती विकणाऱ्या दुकानदाराला उचललं. दोन दिवस त्याचं एकच तुणतुणं, "कंपनीचा माल हाय, लेबल बघा की."

लेबल खरंच हुबेहूब होतं. जुन्या वळणाचा इंग्रजी टाइप, प्रत्येक अक्षराच्या पायाला दोन्हीकडे बारीक टाच. वकिलांची पुस्तकं, शाळेची सर्टिफिकिटं, आमची समन्स याच टाइपात असायची. भारदस्त अक्षर दिसलं की माणूस शंका घेत नाही. मीही घेतली नसती. पण खबऱ्या म्हणाला, छपाई गावातलीच. मग खरं-खोटं लेबल शेजारी ठेवून भिंग लावलं. खोट्यातला एक एफ लंगडा होता, टाच फक्त डावीकडे.

लेबल घेऊन छापखाने पालथे घातले. पाचव्या ठिकाणी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवणारे एक म्हातारे चाचा भेटले. बघून चक्क हसले.

"ह्यो माझाच एफ हाय की! एका पानावर सोळा लेबलं, एफ पुरणार कुठनं? मग इंग्रजी ई घिऊन त्याचा खालचा दांडा कानशीनं घासून टाकला. एक टाच जाती, पर बघतंय कोण?"

माझं डोकं फिरलं. गचांडी धरली. "पोरं मेलीत त्यानं!"

"कसली पोरं? सायेब, इंग्रजी मला येत न्हाय. अक्षर तोंडावळ्यानं वळखतो. मालकानं नमुना दिला, तसं जुळवलं. लिवलंय काय त्यात?"

"तान्ह्या मुलांच्या तापावर."

चाचांनी खोक्यातून तो घासलेला एफ शोधून माझ्या हातावर ठेवला.

तो घासलेला खिळा समोर ठेवताच छापखान्याचा मालक फुटला. कागलजवळच्या त्याच्या आणि दुकानदाराच्या गोदामातून उरलेल्या बाटल्या हाती लागल्या. कोर्टात त्याच्या वकिलाने सगळं चाचांवर ढकलून पाहिलं. चाचा म्हणाले, "खिळा मीच घासला. ती पोरं माझ्याबी नावावर लिवा." मालक आणि दुकानदार, दोघांना शिक्षा झाली.

चाचांची साक्ष संपली त्या दिवशी कारकुनाने इंग्रजीत टाइप केलेली जबानी सहीसाठी पुढे सरकवली. चाचांनी हात मागे घेतला. "आधी वाचून सांगा. न कळता लई जुळवलं."

मी मागच्या बाकावर होतो. अडाणी माणसांना दरडावून मी शेकडो अंगठे उमटवून घेतले होते. पुढे निवृत्त होईपर्यंत एकही कागद वाचून दाखवल्याशिवाय सहीला ठेवला नाही. हाताखालचे वैतागायचे, वैतागू देत. पण त्या दिवशी कोर्टात मान वर करवेना. शिरोळच्या त्या बाईची फिर्यादही मी तिला वाचून दाखवली नव्हती.