फेसाचा ग्लास

कोल्हापुरात संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभं राहून, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यायचं, ही आम्हा चौघा मित्रांची वीस वर्षांची सवय. तिथं आम्ही कुस्तीवर, मटणावर, राजकारणावर भांडलो. स्वतःचं मात्र कुणी कधी बोललं नाही.

तीन वर्षांपूर्वी एकाची बायको गेली. महिन्याभरानं तो कट्ट्यावर आला आणि ग्लासाकडं बघत म्हणाला, "झोप लागंना रे." मी लगेच म्हशीवाल्याला हाक मारली, "ह्याला अजून एक दे, फेसाचा." त्याच्या पाठीवर थाप मारली, "पी की, लागंल झोप." आपण मित्राला सावरलं, असं तेव्हा वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

यंदा मी कामाला होतो ती शिरोलीतली फौंड्री बंद पडली. पंधरा दिवस मी घरी सांगितलं नाही, रोज डबा घेऊन बाहेर पडत राहिलो. शेवटी कट्ट्यावर त्याच मित्राला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. निदान त्याला तरी कळेल, असं वाटलं.

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हशीवाल्याकडं वळून म्हणाला, "ह्याला अजून एक दे, फेसाचा."