पूजेत असताना आलेली हाक

डोंबिवलीला आम्ही पहिल्यापासून तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पाणी मात्र तेव्हा तळमजल्याच्या नळालाच थांबायचं. सकाळी सहा ते सात, तेवढंच. लग्न झाल्यापासून हंडे-बादल्या वर आणायचं काम माझं होतं. नव्वदच्या आसपास ते बायकोकडे गेलं, कारण मी मानसपूजेला बसू लागलो.

राग तेव्हा माझ्या नाकावर असायचा. ठाण्याच्या कचेरीत फाइली आपटायचो, घरी ताटं. आंघोळ करतानाही मनातल्या मनात साहेबांशी भांडत असायचो. कचेरीतल्या एका वयस्क कारकुनाने उपाय सांगितला. "डोळे मिटायचे, मौन धरायचं आणि देवाची सगळी पूजा मनातच करायची. स्नान, गंध, फूल, नैवेद्य. मात्र मन मध्येच पळालं, तर पुन्हा स्नानापासून सुरुवात."

या शेवटच्या अटीनेच माझा घात केला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. अट बिचारी निमित्त होती.

शांत वेळ म्हणून मी नेमकी सहाची निवडली. गंधापर्यंत पोचायच्या आत माझं मन कचेरीत जाऊन यायचं, की पुन्हा स्नान. मी देवाला गंगा, यमुना, गोदावरीच्या पाण्याने न्हाऊ घालत बसलेला असायचो, तेव्हा बायको कंबरेवर हंडा आणि हातात बादली घेऊन जिना चढत असायची. चार खेपा. मुलीने आवाज केला तर तीच दबक्या आवाजात सांगायची, "गप, बाबा पूजेत आहेत." आणि खोटं कशाला बोलू, दोन-तीन महिन्यांत राग खरंच निवळला. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी ते बिल्डिंगभर सांगत सुटलो.

त्या दिवशी मी पहिल्याच फेरीत फुलांपर्यंत पोचलो होतो. असं कधीच जमलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर हंडा पडला, पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला, आणि पाठोपाठ तिची हाक आली, "अहो!"

मला ती स्पष्ट ऐकू आली. ती पडली आहे, हेही कळलं. आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता उठलो तर पुन्हा स्नानापासून. मी डोळे न उघडता "हूं" केलं. दार लोटलेलं होतं, ते हूं तिच्यापर्यंत जाणारच नव्हतं. मग मी देवाला नैवेद्य दाखवला. बेसनाच्या लाडवांचा.

डोळे उघडले तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, साडी भिजलेली. शेजारच्या वहिनी तिला धरून वर घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघत त्या तिला म्हणाल्या, "अगं, एवढी पडलीस, भावजींना हाक तरी मारायचीस!"

बायकोने मान वर केली नाही. "नाही मारली," ती म्हणाली. "पूजेत असतात ना ते. कशाला उगीच."

माझी पूजा संपली होती, मौनही सुटलं होतं. 'मारली होती तिने, मला ऐकू आली,' एवढंच बोलायचं होतं. वहिनींसमोर शोभा नको म्हणून मी ते गिळलं आणि रिक्षा आणायला खाली गेलो. ऐकून न उठल्याची लाज वाटतेच. पण तिला माझ्यासाठी खोटं बोलू दिलं, याची त्याहून जास्त वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी भरायला लागलो. मनगट दीड महिन्यात जुळलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण अजूनही चक्कर आली, कुठे दुखलं-खुपलं, तर मी बाजूच्याच खोलीत असलो तरी ती हाक मारते ती शेजारच्या वहिनींना.