पुठ्ठ्याचं सुपरसॉनिक

आमच्या भांडुपच्या घरी गणपती पाच दिवसांचा, आणि त्याचं मखर कायम बाबांच्या हातचं. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, मखर राहिलं. या वर्षी मात्र ते मी माझ्याकडे घेतलं, कारण बाबांचे हात आता थरथरतात. शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं जातात. मी म्हटलं, "बाबा, यंदा तुम्ही फक्त बसून बघा." आणि वर वाटलं, काय सेवा करतेय मी बापाची! अक्कल बघा माझी.

मला विमानांचं वेड आहे, चाळिशी उलटली तरी गेलेलं नाही. मी ठरवलं, मखर म्हणून सुपरसॉनिक जेट ट्रेनर करायचं. यात शिकाऊ पायलट पुढे बसतो, शिकवणारा मागे जरा उंचावर, आणि दोघं मिळून आवाजापेक्षा जोरात जातात. वेळ पडली तर हेच विमान बॉम्ब लावून छोट्या लढाईलाही निघतं, त्याला लाइट अटॅक म्हणतात.

"देव खंय बसतलो?" आईने विचारलं.

"मागे. विद्येचा देव ना तो, शिकवणार तोच."

"आणि पुढे?"

"उंदीर."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती बॉम्बवरून. देवाच्या दारात बॉम्ब लटकवलास तर याद राख, म्हणाली. शेवटी तडजोड झाली. आम्ही कोकणातले, गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्यांची माटवी बांधतोच. त्यातली दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, विमानाच्या पंखाखाली टांगायची. आमचा लाइट अटॅक तो हाच. इतका लाइट की कोशिंबीर होईल.

थर्माकोलला बंदी, म्हणून फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा आणला. दोन महिने मी ऑफिसातून आले की पंखांचे कोन मोजत बसायचे. बाबा स्टूल ओढून शेजारी बसायचे. "चेडवा, माका काय तरी काम दी." मी त्यांना कॉकपिटच्या काचेच्या कडेच्या पट्ट्या कापायला दिल्या. पट्ट्या नागमोडी आल्या. ते आडवे झाल्यावर मी त्या गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि नव्या कापल्या. डब्यात केर टाकायला नेमके बाबाच गेले. त्यानंतर त्यांनी काम मागितलं नाही आणि स्टूलही जागेवर ठेवून दिलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी शेपटी चिकटवत होते.

चतुर्थीला गुरुजी नऊला येणार होते. भांडुपमध्ये गणपती जास्त आणि गुरुजी कमी, त्यामुळे मिळालेली वेळ म्हणजे लॉटरीच. बेत असा की आठला विमान टेबलावर ठेवायचं, वरून देव अलगद आत सोडायचा, पोटातल्या फळीवर बसवायचा आणि मग पूजा. मी सव्वासहाला अंघोळीला गेले. साडेसहाला गुरुजी दारात. आधीच्या घरी म्हणे अजून कोणी उठलंच नव्हतं. "आत्ता करा, नाहीतर एकदम दुपारी," म्हणाले. आई यमाला थांब म्हणेल, गुरुजींना नाही. तिने टेबलावर पाट टाकला, त्यावर देव ठेवला, पुढ्यात उंदीर, आणि हात जोडले.

मी केस पुसत बाहेर आले तेव्हा गुरुजी देवाच्या छातीला दूर्वा लावून मंत्र म्हणत होते. माझं सुपरसॉनिक भिंतीला टेकून उभं होतं.

"गुरुजी, थांबा! देव विमानात बसायचाय!"

"प्राणप्रतिष्ठा झाली. आता उत्तरपूजेपर्यंत देव हलवायचा नाही," ते म्हणाले, उरलेली पूजा उरकली आणि हेल्मेट घालून पुढच्या घरी गेले.

मी जमिनीवर बसकण मारली. आईवर ओरडले, गुरुजींच्या मोटारसायकलीला शिव्या घातल्या आणि मग सणासुदीच्या दिवशी भोकाड पसरून रडले. विमान देवावर वरून ठेवावं तर पोटात फळी, आणि विमान न उघडता ती निघणार नव्हती. दोन महिन्यांची पार वाट लागली होती.

बाबा विमानाभोवती एक चक्कर मारून आले. मग खाली वाकून पोट बघितलं. "देव हलूचो नाय मा? मग इमान उभा कापूया. दोन भाग करून दोन्हीकडसून लावूया." त्यांनी हात पुढे केला. "दी हडे तो कटर."

हात थरथरत होता. कटर माझ्या मुठीत होता आणि एक क्षण, देवाशपथ, मी तो सोडला नाही. बाबांना ते दिसलं. मग मी कटर दिला आणि विमान दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

नाकापासून शेपटीपर्यंत त्यांनी स्वतः कापलं. अर्धा तास लागला. रेघ वेडीवाकडी आली. फळी काढून दोन्ही भाग देवाच्या दोन बाजूंनी आणून चिकटवले तर मधे खाचांचा जोड दिसत राहिला, आणि डावा पंख तवशाच्या वजनाने खाली गेला. उंदीर पुढे, देव मागे.

दुपारी वाकोल्याचे काका दर्शनाला आले. आमच्या या काकांना नमस्कार करण्याआधी खोट काढायची सवय. "वा, झकास! पण हे मधे उंदराने कुरतडल्यासारखं कोणी कापलंय?"

बाबांनी दोन्ही हात हळूच अंगावरच्या पंच्याखाली घेतले.

"काका, मुद्दाम केलंय," मी म्हटलं. "आवाजापेक्षा जोरात जायचं तर जोड असाच लागतो. सरळ कापला तर विमान फुटतं." नुकता प्राण फुंकलेल्या देवासमोर, धडधडीत खोटं. काकांनी देवापुढे हात जोडले.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग काकांना म्हणाले, "तिका इमानातला सगळा म्हायत आसा." पंच्याखालून हात बाहेर आले. त्यांनी आरतीचं जड तबक माझ्याकडून मागून घेतलं, आणि पाचही वाती हलत असताना आरती त्यांनीच केली.