शकुनचे चार चौक

डोमाजीला बूड टेकून बसलेला कोणी पाहिला असेल तर शपथ. अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो अकरा वर्षं शिपाई होता, तोही टेंपररी. बाटल्या धुऊन झाल्या की टेबलं पुसायची, टेबलं झाली की धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायच्या. बायको केशरबाई म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा चादरीच्या सुरकुत्या काढतो.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत बी.एस्सी.ची मुलं अभ्यासाला आठ दिवस चिखलदऱ्याला निघाली. गावंडे सरांनी सामान सांभाळायला डोमाजीला बरोबर घेतलं. स्वारी खुशीत होती. एक तर पर्मनंटचा कागद यंदा सरांच्या सहीपर्यंत आला होता, आणि दुसरं म्हणजे वर्गात शकुन होती. नांदगाव खंडेश्वरकडची, त्याच्याच समाजातली. बाप धर्मपाल छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि पोरीला शिकवायचीच म्हणून हट्टाला पेटला. पण सहलीला पाठवताना त्यानं बजावलं होतं, नावाला बोल लागला तर कॉलेज बंद. शकुन डोमाजीला मामा म्हणायची, आणि तेवढ्यानं याची छाती फुगायची.

तिथं प्रत्येकाला आपापला प्रयोग होता. कोणी मुंग्या मोजत होतं, कोणी सालीवरचं शेवाळ खरवडत होतं. शकुननं सागाच्या रानात खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि मीटर-मीटरचे चार चौक आखले. पहिल्या दिवशी तिनं स्वतः खराटा घेऊन ते लख्ख झाडले. पाच दिवसांत त्यात किती पानं गळतात ती सहाव्या दिवशी मोजायची, तोलायची, असा तिचा प्रयोग. सगळ्यांना हे माहीत होतं, एक डोमाजी सोडून. शिपायाला प्रयोग समजावून सांगायला कोणाला फुरसत असते?

पाचव्या दिवशी दुपारी तिनं त्याला खुंट्या घट्ट आहेत का ते बघायला धाडलं, सर उद्या चौक तपासायला यायचे होते. हा गेला आणि बघतो तर चारही चौक पानांनी भरलेले. पोरीनं एवढे झाडून ठेवलेले चौक, आणि सरांना हा उकिरडा दाखवायचा? हात शिवशिवले. तासाभरात त्यानं चारही चौक स्वच्छ केले, पाचोळा दरीत लोटला आणि शीळ घालत मुक्कामाच्या बंगल्यावर आला.

चहाच्या वेळी शकुन मैत्रिणीला सांगत होती, उद्या सगळी पानं वेचून मोजायची. डोमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. सांगावं तर सरांची सही गेली. न सांगावं तर पोरीचा प्रयोग गेला. शेवटी त्यानं बंगल्याच्या आवारातला पाचोळा पोत्यात भरला आणि अंधार पडायच्या आत चारही चौकांत नीट पसरून टाकला. कसा नीट! वाऱ्यानं पडलीत असं वाटावं म्हणून काही पानं उलटीसुद्धा ठेवली.

सकाळी गावंडे सर वाकले, एक पान उचललं, उलटं केलं. मागून पांढुरकं. ते सिल्व्हर ओकचं होतं, कॉफीच्या मळेवाल्यांनी बंगल्याच्या आवारात लावलेलं झाड. सागाच्या त्या रानात औषधालाही नव्हतं.

सर म्हणाले, "ही पानं बंगल्यातून आली आहेत. प्रयोगात लबाडी करणाऱ्याला मी परीक्षेला बसू देत नाही. वडिलांना आजच पत्र जाईल."

मी नाही आणली, एवढं शकुन एकदाच म्हणाली. मग खुंट्यांकडे बघत उभी राहिली.

मागं उभा असलेला डोमाजी बंगल्यावर परतला. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. व्हरांडा दोनदा झाडला. बापाच्या हाती पत्र पडलं की काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं. काहून गप हायेस बे, असं स्वतःलाच विचारत तो हातातल्या खराट्यासकट सरांच्या खोलीत शिरला. सर पत्रच लिहीत होते.

"सर, पत्र नोका लिहू. चौक म्या झाडले, अन् मंग भेवानं पोतंभर पाचोळा म्याच टाकला. पोरीले काही मालूम नाही."

सरांनी लेखणी खाली ठेवली. मग पत्र फाडलं. पण प्रयोगशाळेत खोटं भरणाऱ्या माणसाच्या कागदावर आपण सही करणार नाही, हेही सांगितलं. डोमाजी फक्त हौ म्हणाला. तो कागद पुन्हा पुढं यायला सदुसष्ट साल उजाडलं.

दोन दिवस उरले होते, तेवढ्यात जमेल ते कर, असं सरांनी शकुनला सांगितलं. ती रागानं लाल झाली होती, आणि राग तिनं लपवलाही नाही.

"एक डाव इचारलं असतं तं दोन मिनटं लागले असते, मामा." मग म्हणाली, "पण मीबी तुमाले सांगाले पायजे होतं."

आणि तिनं चौक पुन्हा लख्ख झाडून त्याला सगळा प्रयोग पहिल्यापासून समजावला. सुतळीवर पान पडलं तर काय धरायचं, तेही. देठ आत तर पान आत, देठ बाहेर तर पान बाहेर. रानातली गुरं चौकात शिरू नयेत म्हणून त्यानं तिथं बसून राहायचं, आणि कशालाही हात लावायचा नाही.

डोमाजी दोन दिवस बसला. अकरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते केलं. हात ऐकेनात म्हणून ते मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी सागाचं एक भलं मोठं पान गिरक्या घेत आलं आणि सुतळीवर पडलं. पातं आत, देठ चार बोटं बाहेर. त्या चौकात मोजून दहाच पानं होती, आणि आसपास कोणी नव्हतं. नुसतं बोट लावलं असतं तरी अकरा झाली असती. डोमाजीनं हात मांडीखाली आणखी दाबले.

संध्याकाळी शकुन वही घेऊन आली आणि त्या पानाकडे वाकली.

"थे नोको धरू," डोमाजी म्हणाला. "देठ भायेर हाय, पाह्य."

तिनं पाहिलं, वहीत दहा लिहिले. डोमाजीचे हात अजून मांडीखालीच होते.