डावी सीट अजून पक्की नव्हती

शेडमध्ये गाडी नव्हती. तिच्या जागी फुटलेल्या नारळाच्या पाण्याचा ओलसर डाग होता आणि भिंतीवरच्या खिळ्यावर किल्लीही नव्हती.

आखाजीचा दिवस होता. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. घरची घागर पुजून मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेवायला न्यायला शेडवर आलो होतो. नाना शेडच्या मागच्या खोलीत राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तरी लोखंडाचा वास आल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांना विचारलं, लाल गाडी कुठे आहे? ते शांतपणे म्हणाले, हेमराजआबा सकाळीच घेऊन गेले, धुळ्याला, लेकीला आणायला.

मी तिथल्या ड्रमवरच बसलो.

का, ते सांगतो. जळगावात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. फॅब्रिकेशन म्हणजे कंपनीनं गाडीत जे दिलं नाही, ते लोखंड कापून-जोडून करून देणं. हेमराजआबांचे केळीचे मळे चोपड्याकडे, घर जळगावात. ती लाल गाडी म्हणजे त्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची, फायबर बॉडीची. चार माणसं मिळून उचलतील इतकी हलकी. अशा गाडीत वजन वाचवायला सगळंच पातळ असतं. सीट तर नुसती वाकवलेली फायबरची पाटी आणि तिच्यावर बोटभर फोम. तरुणपणी ठीक असतं, पण आबांची लेक मयूरी हिच्या मणक्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. लहानपणापासून ती या गाडीत हट्टानं बसायची, आता बसूच शकत नव्हती. आबांचं म्हणणं एकच होतं, या आखाजीला पोरीला मी याच गाडीतून माहेरी आणणार, आरामशीर बसवून. त्यासाठी दुसऱ्या मोठ्या गाडीच्या दोन गुबगुबीत सीट त्यांनी मिळवून आणल्या.

मोठी सीट छोट्या गाडीत नुसती ठेवून चालत नाही. खालची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडी ब्रॅकेट बनवावे लागतात. ब्रॅकेटचे तुकडे आम्ही आधी टॅक करतो. टॅक म्हणजे वेल्डिंगचा एकेक ठिपका, कपड्याला कच्चा टाका घालतात तसा. मग सीट बसवून माणूस बसवून बघायचा. डोकं काचेच्या वर जातं का, गुडघे अडतात का, दार लागतं का. सगळं जमलं की सीट काढून ब्रॅकेट पूर्ण वेल्ड करायचा. ड्रायव्हरची सीट अशी पक्की झाली होती. डावी टॅकवर होती. फोम दबल्यावर माणूस किती खाली जातो ते पाहायला रशीदभाईंनी तिच्यावर कव्हरही चढवलं होतं. रशीदभाई म्हणजे आमचे सीटमेकर. पिंजाऱ्यांचं घराणं, कापसातून फोममध्ये आलेलं. वरून पाहिलं तर ती सीट शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती.

तरी आबांनी गाडी नेली कशी? आमच्या शेडचा रिवाज असा की काम पुरं झाल्यावर नाना गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, नारळ फोडतात, आणि मगच गाडी बाहेर पडते. अख्ख्या गावाला हे माहीत आहे. नारळ फुटला म्हणजे गाडी तयार.

“नाना, त्या गाडीची पूजा का केली?”

“आज आखाजी शे,” नाना म्हणाले, “बठ्ठ्या गाड्यास्नी पूजा करी.”

मुहूर्ताचा दिवस म्हणून त्यांनी शेडमधल्या झाडून सगळ्या गाड्यांना कुंकू लावलं होतं. एका ट्रॅक्टरला तर इंजिनच नव्हतं, त्यालाही. आबा आले, स्वस्तिक पाहिलं, नारळ पाहिला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि आनंदानं निघाले. नानांना वाटलं माझ्याशी बोलणं झालं असेल. यात रागवायचं तरी कोणावर? तरी मी नानांवर रागावलोच.

आबा जाताना एकटे होते. डावी सीट रिकामी. भीती होती ती येतानाची. टॅकवर माणूस बसला तर काही होत नाही, गाडी सरळ चालली तरी निभतं. पण जोरात ब्रेक लागला की माणसाचं सगळं वजन पुढे फेकलं जातं, आणि त्या दोन-चार ठिपक्यांनी ते पेलायचं. त्यात या नव्या सीटच्या बेल्टचं लॉक सीटच्याच सांगाड्याला. सीट उखडली की बेल्टही तिच्याबरोबर गेला. आणि बसणार कोण, तर मणक्याचं ऑपरेशन झालेली पोर.

आबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उघड्या गाडीत वाऱ्यापुढे कसला फोन ऐकू येतो. त्यांच्या घरी केला. काकूंनी मयूरीचा नंबर दिला आणि विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, सहज. तिचाही फोन उचलला जाईना. नानांनी जेवायला बोलावलेले रशीदभाई तेवढ्यात दारात आले. त्यांना तसंच पिकअपमध्ये बसवलं आणि धुळ्याच्या रस्त्याला लागलो.

मी मूळचा भित्रा माणूस. वेल्डिंग करणाऱ्याला भीती असावीच, असं माझं मत आहे. पण त्या दिवशीची भीती निराळी होती. एरंडोल जाईपर्यंत समोरून येणारा प्रत्येक लाल ठिपका मला तीच गाडी वाटत होता. रशीदभाई एकामागून एक फोन लावत होते आणि मधेच ओठ हलवत होते. मी रस्त्यापेक्षा दुभाजकापलीकडेच जास्त पाहत होतो. कुठे गर्दी दिसली, ट्रक आडवा दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

पारोळ्याच्या अलीकडे ती दिसली. पलीकडच्या बाजूनं, जळगावकडे. आबा टोपी उलटी घालून चालवत होते आणि शेजारी मयूरी, ओढणी डोक्याला बांधून, हसत. एका क्षणात गेली.

दुभाजकाची फट येईपर्यंत माझा जीव जीवात नव्हता. वळलो आणि पिकअप जेवढी पळेल तेवढी पळवली. आबा काही वेडंवाकडं चालवत नव्हते, त्यामुळे गाठलं. मागे पोहोचताच मी हॉर्नवर हात ठेवला, तर रशीदभाईंनी माझं मनगट धरलं.

“हॉर्न मत बजाओ भाऊ. घबराके ब्रेक मारेंगे।”

खरंच होतं. मी हॉर्न दिला, पुढे जाऊन हात दाखवला, आडवी गाडी घातली, काहीही केलं तरी आबा पहिल्यांदा ब्रेकच दाबणार. ज्याच्यापासून वाचवायला आलो तेच मी घडवून आणणार. मग मी मागे अंतर ठेवून नुसती गाडी चालवत राहिलो. समोर त्या पोरीचं डोकं दिसत होतं. त्या सीटखाली ठिपके कुठे कुठे आहेत ते मला डोळ्यांसमोर दिसत होते, आणि एकही मला पुरेसा वाटत नव्हता. त्या वेळी मला रडू आलं असतं तर मी लाजलो नसतो.

तेवढ्यात तिनं हात वर केला. हातात मोबाइल होता. मागे पळणाऱ्या रस्त्याचा व्हिडिओ काढत होती.

“आत्ता लावा,” मी म्हणालो.

रशीदभाईंनी फोन लावून स्पीकर चालू केला. तिनं हात खाली घेतलेला आम्हाला दिसला. वाऱ्याच्या घोंघाटात तिचं “हॅलो” आलं.

मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. “मयूरीताई, मी शेडवाला विजू. तुमच्या मागेच आहे. तुमची सीट अजून पक्की झालेली नाही. आबांना ब्रेक मारू देऊ नका. फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढायला सांगा. गाडी आपोआप थांबेल.”

ती किंचाळली नाही, वळून पाहिलंही नाही. डावा हात डॅशबोर्डवर टेकवला आणि बापाकडे झुकून काहीतरी बोलली. गाडीचा वेग उतरायला लागला. उतरत उतरत ती कडेच्या पट्ट्याकडे सरकली. मी इंडिकेटर लावून मागच्या गाड्या अडवून धरल्या. आता सायकलवालाही मागे टाकेल इतका वेग राहिला होता, आणि मी पहिल्यांदा श्वास सोडला.

नेमकी त्याच वेळी एक मोटरसायकल उलट्या दिशेनं कडेनं आली, मागे बाई आणि मांडीवर आंब्यांची पाटी. आबांचा पाय ब्रेकवर गेला. जाणारच.

मयूरीची सीट मागून उचलली गेली आणि पुढे कलंडली. आवाज अगदी छोटा झाला, काडी मोडल्यासारखा. मी पिकअप तशीच सोडून धावलो.

ती दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती. तळहात लाल झाले होते. पाठ? मी विचारलं. पाठीला काही नाही, ती म्हणाली. पायाची बोटं हलवून दाखवली, मी न सांगता. आबा स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते. त्यांची बोटं आम्ही सोडवली. इतका रुबाबदार माणूस, रस्त्याच्या कडेला बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, नारळ तर फोडलेला होता.

सीट उलटी करून पाहिली. मागचे दोन्ही टॅक साफ तुटले होते. मघाच्या वेगाला हे झालं असतं तर? मयूरीनं ते तुटके ठिपके बोटानं चाचपून पाहिले. मग विचारलं, “आणि पप्पांची सीट?”

“ती पूर्ण वेल्ड आहे.”

“नक्की?”

मी गाडीखाली आडवा झालो आणि पुन्हा एकदा बघून आलो. “नक्की.”

तिनं ओढणी घट्ट केली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. पाठ टेकवली, जरा हलून पाहिली. म्हणाली, “सीट मात्र छान आहे. मी नेते घरी.” आबा नको नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही, आणि मलाही तिला अडवायचं धैर्य झालं नाही.

डावी सीट पिकअपच्या मागे टाकली. तिला धरून रशीदभाई बसले. आबा माझ्या शेजारी. समोर ती एकटी, डाव्या बाजूला मोकळी फरशी. जळगाव येईपर्यंत आबांनी पुढच्या गाडीवरून नजर काढली नाही. एकदाच बोलले, “विजू, तिला सांग हळू चालव.”

“हळूच चालवतेय, आबा.” खरं तर माझीही नजर हटत नव्हती.

ती सीट नंतर पक्की केली, तीही आबांना समोर बसवून. आणि तेव्हापासून शेडमध्ये नियम केला आहे. काम संपेपर्यंत गाडीच्या बॅटरीची वायर काढून माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवायची. सणाला, घाईच्या लग्नाला गाडी न्यायला आलेली माणसं किल्ली फिरवतात, काही होत नाही, मग माझ्यावर ओरडतात. मी ओरडू देतो. चिडलेलं गिऱ्हाईक परत तरी येतं.