धर्मराजचा स्पेनचा देव

धर्मराज सात वर्षांनी स्पेनहून कुळगावात परतला आणि पेटी खाली न ठेवताच घरासमोर उभा राहिला. चौकट जागेवर होती, दार नव्हतं. बापानं स्वतः रंधा मारलेलं फणसाचं दार शेजारच्या दौलतरावानं तो गेल्यावर पहिल्याच शिमग्याला काढून होळीत घातलं होतं. होळीसाठी पळवलेल्या लाकडाची तक्रार करायची नाही, हा गावचा रिवाज. म्हणजे दौलतराव मिशांना पीळ देऊन मोकळा.

बहिणीनं, विठानं, हे तेव्हाच पत्रानं कळवलं होतं. त्या दिवसापासून धर्मराजनं तिकडचे सगळे सण दात खात साजरे केले.

स्पेनमधल्या मालागात तो एका सिंधी शेटजींच्या घरी स्वयंपाकी होता. तिकडचं वर्षच उलटं. पाऊस नाताळाच्या सुमाराला, आणि ऐन श्रावणात जमिनीला भेगा. नारिंगांना फुलं आली की तोंडं झाकलेली माणसं देवाच्या आईला खांद्यावर घेऊन, मेणबत्त्या लावून निघायची. धर्मराजही हात जोडायचा. "आई, मला काय नको. दौलत्याचं तेवढं बघ." पण त्याला मनापासून पटला तो त्या सणाचा शेवटचा दिवस. देवाला दगा देणाऱ्या चेल्याचं बुजगावणं करून खेड्यातले लोक जाळायचे, आणि गावात जो डोक्यात गेला असेल त्याच्यासारखे कपडे त्याला चढवायचे. याला म्हणतात धर्म, असं धर्मराजला वाटलं.

फाळणीनंतर शेटजींची माणसं उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये आली होती. चौपन्न साली शेटजींनीही मालागातलं दुकान आवरलं, आणि धर्मराज घरी आला.

पुढच्या शिमग्याला दुपारीच त्यानं होळीशेजारी बुजगावणं उभं केलं. काथ्याच्या जाड मिशा आणि गुलाबी फेटा. गावात गुलाबी फेटा एकट्या दौलतरावाचा.

ऊन उतरल्यावर बनूबाई पूजेला आली. गावातल्या बायका पूजेत तिचंच बघून करायच्या. तिनं बुजगावण्याकडे निरखून पाहिलं.

"धर्मा, ह्यो तुझा तिकडचा देव काय रं?"

धर्मराज तोंड उघडेपर्यंत तिनं कुंकू लावलंसुद्धा. मग सगळ्यांनीच लावलं. पायाशी नारळ आले, पुरणपोळ्या आल्या. सात वर्षांचा सूड धर्मराजच्या डोळ्यांदेखत हळदकुंकू लेऊन बसला.

एवढ्यात दौलतराव आला. फेटा ओळखला, मिशा ओळखल्या, आणि छाती काढून देवाशेजारीच उभा राहिला.

"आता ह्याला जाळायचा नाय हां," बनूबाई म्हणाली. "पुजलाय."

"छे, जाळतंय कोण," धर्मराज अगदी गरिबासारखं म्हणाला. "फक्त ह्या देवाची एक रीत हाय. ज्याचा चेहरा देवानं घेतला, त्यानं आपल्या घराचं दार आपल्या हातानं होळीला द्यायचं. तिकडं मोठमोठे लोक वाट बघतात, पण देव सगळ्यांचा चेहरा घेत नाय."

सगळ्या बायका दौलतरावाकडं बघू लागल्या. दौलतरावानं धर्मराजकडं पाहिलं. दिवाळीतच बसवलेलं सागवानी दार होतं.

"द्या की दौलतराव," बनूबाई म्हणाली. "द्येवानं मागितलंय."

दौलतराव घरी गेला आणि बिजागऱ्या काढू लागला. दार जड होतं. धर्मराजनं दुसऱ्या टोकाला हात घातला आणि होळीपर्यंत सगळ्या वाटेनं त्याला सांगत राहिला, "जपून, दौलतराव. पालिश जाईल."