साडेसहा मिनिटांचा कठडा

तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सख्ख्या नवऱ्याला कोर्टात खेचलं, ही बातमी मंगळवारी सकाळी दूधवाल्यानं आणली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. तळमजल्यावर घटस्फोट ठरला. पहिल्या मजल्यावर तर सामानाची वाटणीही उरकली: शिलाई मशीन तिला, हत्यारांची पेटी त्याला. खरं एवढंच, की बाईंनी नवऱ्यावर खटला भरला नव्हता, त्याला साक्षीला उभं केलं होतं. आणि का, ते ऐकलंत तर घटस्फोट त्यापुढे अळणी वाटेल.

बाई काही जन्मजात वकील नव्हेत. सोळा वर्षं त्या हाडांच्या दवाखान्यात काउंटरवर बसल्या. लंगडत, विव्हळत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "कसं झालं?" आणि उत्तर कागदावर लिहायचं. उत्तरही ठरलेलं, "माझंच लक्ष नव्हतं हो." एका महिन्यात एकाच दुकानाच्या एकाच पायरीवरून पडलेले चौघं आले. चौघांनीही तेच सांगितलं, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "चौघांचं लक्ष नेमकं त्याच पायरीवर कसं उडतं?" डॉक्टर म्हणाले, "बाई, आपण हाडं जोडायची." बाईंचं मात्र डोकं फिरलं ते फिरलंच. एक्केचाळिसाव्या वर्षी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे त्यांना अपकृत्याचा कायदा भेटला. एकाच्या हलगर्जीपणानं दुसऱ्याला इजा झाली तर जबाबदार कोण, हे ठरवणारा. बाई हरखल्याच. आपला सोळा वर्षांचा प्रश्न कुणीतरी जाडजूड पुस्तकात छापून ठेवलाय म्हणजे काय!

मग अभ्यास घरभर पसरला. "अहो, बादली मध्येच ठेवलीत. कुणी अडखळेल हे आधी कळायला नको?"

"अगं, तूच ठेवलीस."

बाई बादली उचलून बाजूला ठेवायच्या. "मग नुकसानीत माझाही वाटा धरू."

नवरा म्हणजे निवृत्त फिटर. लोक खिशाला पेन लावतात, ह्यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. काही हलताना दिसलं की ह्यांचे हात शिवशिवणार. अख्ख्या इमारतीची कुरकुरणारी दारं त्यांनी गप्प केलीत. स्वतःच्या न्हाणीघराचं दार तेवढं अजून खांदा मारून उघडावं लागतं, पण ते असो.

बाईंची स्वतःची अशी पहिली केस म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळजी. एका व्यापारी इमारतीचा जिना उतरताना त्यानं कठड्याला हात लावला, कठडा बाहेर झुकला आणि हा आठ पायऱ्या खाली. उजवं मनगट मोडलं. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा हात आता चहाचा कप धरताना थरथरायचा. दुकान तीन महिने बंद. आणि तरी म्हणतो काय, "माझंच लक्ष नव्हतं." बाई ताडकन म्हणाल्या, "हे वाक्य पुन्हा उच्चारलंत तर केस सोडीन!"

इमारतीच्या व्यवस्थापकानं लेखी जबाब दिला. कठडा ठणठणीत होता, म्हातारा बेसावध होता. शिवाय कठड्याच्या दुरुस्तीला हात घालायचा तर जिना दोन महिने बंद ठेवावा लागला असता, मग शेकडो लोकांनी जायचं कुठून? न्यायाधीश म्हणाल्या, "मी स्वतः येऊन कठडा हलवून बघते." बाईंच्या अंगावर काटाच आला आनंदानं. तो कठडा एका बोटानं हलत होता. अजून काय हवं?

आदल्या दिवशी दुपारी त्या मोजमापं घ्यायला गेल्या. टेपचं दुसरं टोक धरायला नवरा, जागा दाखवायला घड्याळजी. मोजून झाल्यावर बाई तक्रारवहीची प्रत मागायला कचेरीत गेल्या. अकरा तक्रारी सापडल्या, सगळ्या त्याच कठड्याच्या! परत येताना नाचायच्याच बाकी होत्या. दोघं पुरुष खाली पायरीवर गुपचूप बसलेले. बाईंना तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी कठडा धरला. ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तो कसला हलतोय! समोरचा वकील गालात हसला. बाईंनी हळूच मान वळवली, तर नवरा जिन्याच्या छताकडे बघत होता.

"अहो. हात लावलात?"

"हलत होता गं."

"हलत होता म्हणूनच तर केस होती!"

घड्याळजी पुटपुटला, "मला वाटलं, बरंच झालं. आता दुसरं कुणी पडायचं नाही."

गप्प बसणं सोपं होतं, पण बाईंनी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे पुरावा तुमच्याच घरच्यांनी नाहीसा केला." समोरचा वकील तर आता मोठ्यानंच हसला.

घरी परतताना बाई चार पावलं पुढे, नवरा मागे. केस गेली, घड्याळजी जन्मभर स्वतःलाच दोष देणार, आणि हे सगळं कुणामुळे? मागून आवाज आला, "जुने स्क्रू ठेवलेत मी." रुमालात बांधलेले चार. बोटाच्या पेराएवढे आखूड, गंजून निम्मे झालेले. "असे भिंतीत धरणार कसे? खिशातले लांब घातले, झालं. पाचेक मिनिटांचं तर काम."

बाई भर रस्त्यात थांबल्या. मागचा सायकलवाला धडकता धडकता वाचला.

"काय म्हणालात?"

"पाच मिनिटं. का?"

"पुन्हा म्हणा!" बाईंनी भर चौकात नवऱ्याचे दोन्ही हात धरले. चौकातल्या फुलवालीनं हे डोळ्यांनी बघितलंय. घटस्फोटवाल्यांनी तिला विचारावं.

सोमवारी फिटरराव पिंजऱ्यात. इस्त्रीचा सदरा, खिशाला स्क्रूड्रायव्हर. बाईंनी विचारलं, "साक्षीदार, कठडा पक्का करायला काय लागलं?"

"चार स्क्रू आणि मी."

"जिना बंद ठेवलात?"

"छे. दोघं जण बाजूनं उतरूनही गेले."

"वेळ?"

"पाच मिनिटं, बाईसाहेब."

मागच्या बाकावरून घड्याळजी ओरडला, "साडेसहा! मी घड्याळ लावून बसलो होतो!"

न्यायाधीशांनी टेबल आपटलं, पण ओठ दाबून. समोरचा वकील उठला, म्हणाला, साक्षीदार वादीच्या वकिलाचा नवरा आहे. न्यायाधीश म्हणाल्या, "मग हा कठडा बसवायला दोन महिने लावणारा साक्षीदार तुम्ही आणा." तसा कोण मिळणार? बाईंनी तक्रारवही उघडून अकराच्या अकरा तक्रारी तारखांसकट वाचल्या. "साडेसहा मिनिटांचं काम," त्या म्हणाल्या, "आणि इमारतीला अकरा वेळा सवड झाली नाही."

निकालात जबाबदारी पूर्णपणे इमारतीची धरली आणि भरपाई मंजूर झाली. घड्याळजीनं निकालातलं एकच वाक्य तीनदा वाचून घेतलं, "वादीची कोणतीही चूक दिसत नाही." मग डाव्या हातानं डोळे पुसले.

निकालाच्या संध्याकाळी जिन्यात तळमजल्याच्या काकूंनी बाईंना गाठलंच. "काय गं, सख्ख्या नवऱ्याला पिंजऱ्यात उभं करताना काहीच वाटलं नाही?"

बाई म्हणाल्या, "वाटलं ना काकू. जिन्याचं काम साडेसहा मिनिटांत होतं, हे आता कोर्टात सिद्ध झालंय. आमच्या न्हाणीघराचं दार चार वर्षं का राहिलंय, ते मी आज घरी विचारणार आहे."